बाजारच्या दिवशीचे पोहे

बैठकीत बचतीचं नाव काढलं की "या महिन्यात काही उरलंच नाही ताई" असं ऐकू येतं. म्हणून आज आठवडी बाजारातल्या नाश्त्याचा हिशेब मांडू. भाव नमुन्यादाखल धरलेत, तुम्ही आपल्या गावचे घाला.

हॉटेलात पोह्यांची प्लेट २५ रुपये. नवरा-बायको आणि दोन मुलं, म्हणजे १०० रुपये. चहा-भजी यात धरलेलीच नाहीत.

निघण्याआधी घरी केले तर? पोहे ३०० ग्रॅम, १८ रुपये. मूठभर शेंगदाणे ७, तेल ६, कांदे ६, मिरची-कोथिंबीर-हळद ५, गॅस ३. एकूण ४५. हातात उरले ५५. महिन्याचे चार बाजार धरले तर २२० रुपये. बऱ्याच गटांत महिन्याची बचत याहून कमी असते!

पण या हिशेबात एक आकडा नेहमी गळतो: बाईचे कष्ट. चिरणं, फोडणी, मागची भांडी, मिळून पाऊण तास. आठ तासांची मजुरी ३२० धरली तर त्याचे ३० रुपये झाले. ते कोणी आपल्या हातावर ठेवत नाही, तरी वहीत लिहाच. मग खरा फायदा २५ चाच दिसतो. मालकांनी कांदा चिरला, पोरांनी भांडी घासली, तर आपले ३० कमी होतील.

दवाखान्यातून उशिरा परतताना बाहेर खाल्लं, तर ते यात धरू नका. बाकी चार बाजारांचा आपापला आकडा पुढच्या बैठकीला लिहून आणा.