अधिक वेळ कोणी मागावा?

१२ सप्टेंबर २०२१ रोजी वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशासाठी देशभर 'नीट' परीक्षा झाली. मुंबईतील एका केंद्रावर बसलेल्या विद्यार्थिनीस 'डिसग्राफिया', म्हणजे लेखन-अक्षमता होती. बुद्धी तल्लख, परंतु मनातले कागदावर उतरविण्यास हात विलंब लावी. ३ तासांच्या त्या परीक्षेत तिला नियमाप्रमाणे १ तास अधिक मिळावयाचा होता. तो मिळाला नाही. इतरांबरोबर तिचीही उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अन्याय असल्याचे मान्य केले, केंद्रावरील माणसांना नियम शिकवावेत असेही बजावले. परंतु पुन्हा परीक्षा घेण्यास नकार दिला.

हक्क होता, पण तो दारापाशीच अडला. महाविद्यालयात जाणाऱ्या अशा प्रत्येक मुलाचा प्रश्न हाच आहे.

काही मुलांना 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत घोटाळा होतो. काहींचे अवधान क्षणभरही टिकत नाही. स्वमग्न मुलास अनोळखी गलबला सोसवत नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात अध्ययन-अक्षमता व स्वमग्नता यांचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या कायद्याने त्यांना स्थान दिले. ज्यांची अक्षमता ४० टक्के वा अधिक ठरते, त्यांच्यासाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. लेखनिक मिळण्यास मात्र ४० टक्क्यांची अट लावू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी दिला. हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

शाळेत ही काळजी आम्ही शिक्षक आणि आई-वडील वाहतो. मुलगा गप्प बसला तरी वर्गशिक्षकांना त्याचे कारण कळते. महाविद्यालयात प्राध्यापक तासातासाला बदलतात आणि मुलाला ओळखणारे कोणी नसते. तेथे मागणे त्याचे त्यालाच मागावे लागते, आणि मागण्याची सवय तर आपण त्याला लावलेलीच नसते! म्हणून अकरावीपासूनच त्याने आपली अडचण दोन वाक्यांत सांगावयास शिकावे : "मला वाचावयास वेळ लागतो. परीक्षेत जादा वेळ मिळावा, असे माझे प्रमाणपत्र आहे." आरंभी घरी, मग आमच्यासमोर, मग मुख्याध्यापकांसमोर. आई शेजारी असावी. बोलावे मात्र मुलाने.

आपल्या ग्वाल्हेरात आणखी एक अडचण आहे. मराठी शाळेतून निघालेल्या मुलास महाविद्यालयात हिंदी वा इंग्रजी ग्रंथ वाचावे लागतात. आम्ही घरी कोंकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो आणि बाजारात हिंदी. भाषा बदलताना जीभ किती अडखळते, हे आम्ही जाणतो. ज्याला एकाच भाषेतील अक्षरे सांभाळताना धाप लागते, त्याने विषय निवडताना पुस्तके कोणत्या भाषेत आहेत, हे आधी पाहावे. पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचून दाखविणारी साधने आता मोबाईलवर आहेत. त्यांचा सराव सुट्टीतच करावा.

स्वमग्न मुलास महाविद्यालय उघडण्यापूर्वी दोन-तीनदा तेथे नेऊन आणावे. फाटक, वर्गाची खोली, पाण्याचा नळ, गर्दीत बसावयास एखादा शांत कोपरा, सारे त्याला दाखवावे.

प्रमाणपत्राच्या प्रती आणि प्राचार्यांच्या नावे अर्ज प्रवेशाच्या दिवशीच द्यावा, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व तारीख घ्यावी. ती प्रत परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्रासोबत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खिशात असावी.