भंगारवाला घेतो का? खरेदीआधी विचारायचा प्रश्न

वस्तू विकत घेताना आपण किंमत बघतो, टिकेल का ते बघतो, आणि खरे सांगायचे तर शेजारणीने कोणती घेतली तेही बघतो. वापरून झाल्यावर ही वस्तू जाणार कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही. सोसायटीत राहणाऱ्याने ते विचारले नाही तरी त्याचे भागते. सकाळी गाडी येते, कचरा नजरेआड होतो. तो जातो आपल्या बाजूला. मुंबईत देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली, तेव्हा शिवाजीनगर, बैंगनवाडीतल्या लोकांनी कित्येक दिवस तो धूर छातीत घेतला. शाळांना सुट्टी द्यावी लागली. शिवाय तो कचरा हाताने उचलणारे कोण आहेत, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. आपल्या किती घरांत कोणी ना कोणी सफाई खात्यात आहे.

म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

वस्तू पर्यावरणाला किती जड आहे हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. पहिली परीक्षा सोपी आहे: भंगारवाला ती घेतो का? पाण्याची बाटली घेतो, तेलाचा डबा घेतो, दुधाची पिशवीसुद्धा धुऊन दिली तर घेतो. चिप्सचे पाकीट, शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी घेत नाही. कारण ती एका जातीच्या प्लास्टिकची नसते. प्लास्टिक आणि चकाकणारा ॲल्युमिनियमचा पापुद्रा एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणे परवडत नाही. बाटली-डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. १, २ आणि ५ असेल तर त्याला बहुधा गिऱ्हाईक असते. ६ म्हणजे थर्माकोलच्या कुळातले, ७ म्हणजे इतर कशातही न बसणारे. हे सहसा कोणी घेत नाही, ते गटारातच सापडते.

आता कोणी म्हणेल, ताई, रोजची कमाई रोज हातात येते, मोठी बाटली आणणार कुठून? बरोबर आहे. एक-दोन रुपयांची पुडी कंपन्यांनी आपल्या खिशाकडे बघूनच काढली. पण भिशी आपल्याला नवीन नाही. चार घरांनी मिळून मोठा पुडा किंवा बाटली आणायची आणि घरातल्या जुन्या बाटल्यांत वाटून घ्यायची. पुष्कळदा पैसेही वाचतात. मात्र दुकानात वजन आणि किंमत ताडून बघा, कारण काही वेळा पुडीच स्वस्त पडते.

गटारात अडकलेली पुडी, अर्धा कप, नारळाची करवंटी यांत पावसाचे पाणी साठते आणि डेंग्यूचा डास तेवढ्यातच अंडी घालतो. मग आपण कॉइल आणतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले होते. दहा बाय दहाच्या खोलीत, दार बंद, लहान मूल खाली अंथरुणावर. दम्याच्या मुलाला रात्री खोकला का उठतो हे विचारायला आई दवाखान्यात येते, तेव्हा मी आधी कॉइलचेच विचारते. मच्छरदाणी एकदा घेतली की वर्षानुवर्षे चालते आणि तिचा धूर होत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून बाळ दुपारी झोपले तरी ती लावा.

सॅनिटरी पॅड

यावर जरा सविस्तर लिहायला हवे, कारण घरात याबद्दल बोलले जात नाही आणि खरेदी तर दर महिन्याला होते. बाजारातल्या साध्या पॅडचा वरचा थर प्लास्टिकच्या धाग्यांचा असतो, खालचा प्लास्टिकचा. मधे लाकडाचा लगदा आणि ओल शोषून फुगणारी रसायनाची पूड. महिन्याला १२ पॅड धरले तर वर्षाचे १४४ होतात, आणि पस्तीस वर्षांत एका बाईचे पाच हजारांवर जातात. ते कुजत नाहीत. संडासात टाकले तर फुगून तुंबतात. बंबात किंवा उघड्यावर जाळले तर कमी आचेवर प्लास्टिक जळून विषारी धूर होतो. तो जाळणाऱ्या बाईच्याच नाकात जातो.

मग काय घ्यायचे? आधी स्वतःची जागा बघा. सुती कापडी पॅड दोन-तीन वर्षे चालतो आणि कचरा नगण्य होतो. पण त्याला भरपूर पाणी, साबण आणि कडक ऊन लागते. साडीखाली लपवून अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवलेले कापड ओलसर राहते आणि खाज, अंगावर जाणे, जंतुसंसर्ग मागे लागतो. कापड उन्हात टाकायला लाज वाटते ती वस्तीच्या नजरेमुळे. तेव्हा घरातल्या पुरुषांनीही हे वाचावे. रबरासारख्या सिलिकॉनचा कप तीन-चारशे रुपयांना मिळतो आणि नीट ठेवला तर पाच-दहा वर्षे टिकतो. आठ ते बारा तासांत रिकामा करायचा, पाळी संपली की उकळायचा. केरळातल्या कुंबलंगी गावाने बायकांना कप देऊन, वापर शिकवून जानेवारी २०२२ मध्ये गाव पॅडमुक्त जाहीर केले. आपल्याकडे अडचण सार्वजनिक संडासाची आहे. कडी लागत नाही, नळ नाही, तिथे कप हाताळणे अवघड जाते. जिला घरी मोरी आहे तिने जरूर विचार करावा. अंगावरून काही जात असेल किंवा तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारा.

यातले काहीच शक्य नसेल तर पॅडच वापरा, आणि त्यात कमीपणा मानू नका. अस्वच्छ कापडापेक्षा पॅड केव्हाही बरा. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून एक रुपयाला पॅड मिळतो आणि त्याने पुष्कळ मुलींची सोय झाली. तो दर चार-सहा तासांनी बदला. टाकताना कागदात घट्ट गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही खूण रुजवली, म्हणजे उचलणाऱ्याला न उघडता कळते. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर गुंडाळायची पिशवी कंपनीनेच द्यावी असे लिहिले होते. पाकिटात ती आहे का, हेही घेताना बघा.

‘निसर्गस्नेही’ लिहिले म्हणून

पाकिटावर हिरवे पान छापायला काही लागत नाही. ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ हा शब्द पिशव्यांवर आणि स्वस्त पॅडवरही दिसतो. अशा प्लास्टिकमध्ये ते लवकर तुटावे म्हणून रसायन घातलेले असते. तुकडे होतात, पण प्रत्येक तुकडा प्लास्टिकच राहतो. युरोपीय संघाने असे प्लास्टिक बाजारात आणायला बंदी घातली आहे. ‘कंपोस्टेबल’ हा शब्द वेगळा आहे, पण त्यासोबत प्रमाणपत्राचा क्रमांक असला पाहिजे. सरकारी इकोमार्कची खूण मातीच्या माठाची आहे. ती १९९१ पासून आहे, पण फार थोड्या वस्तूंवर दिसते.

कागदी कपाचेही तसेच. आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीत तपासले तेव्हा पंधरा मिनिटांत १०० मिलिलिटर गरम पाण्यात सुमारे २५,००० बारीक प्लास्टिककण उतरले होते. चंदेरी कागदी ताटालाही असाच मुलामा असतो. थर्माकोलच्या ताटांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी जयंतीच्या जेवणाला ती कुठून तरी येतात. मंडळाने एका वर्षी सजावटीचा खर्च आवरून शंभर स्टीलची ताटे-पेले घेतले तर तीन पंगतींत तीनशे माणसे जेवतात, आणि तीच भांडी लग्नाला, बारशाला, पुण्यानुमोदनालाही चालतात. धुवायला तीन टोपली पाणी मांडा: पहिल्यात खरकटे काढायचे, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात विसळायचे. ते काम बायकांच्या गळ्यात न घालता तरुण मंडळींची पाळी लावा. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या वस्तीत हे जमणार नसेल तर पळसाच्या पानांच्या पत्रावळी घ्या, पण खाली प्लास्टिक लावलेले नाही ना ते उलटे करून बघा.

खोट्या ‘हिरव्या’ जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक नियम काढले आहेत. दावा केला तर पुरावा कंपनीने द्यायचा. शंका आली तर रिकामे पाकीट आणि बिल फेकू नका, त्यांचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा.