माचणूरचा घाट आणि पातशहाची छावणी

सोलापुराहून मंगळवेढ्याच्या वाटेनें सुमारें ४० किलोमीटर गेलें म्हणजे भीमेच्या कांठीं माचणूर हें गांव लागतें. सिद्धेश्वराचें देऊळ, तेथून पाण्यापर्यंत उतरलेल्या दगडी पायऱ्या आणि शेजारीं ढासळत चाललेला किल्ला, हा देखावा पाहून चित्रकारास कुंचला हातीं घ्यावासा वाटेल. परंतु ह्या शांत जागेस एके काळीं फार वाईट लौकिक प्राप्त झाला होता.

माचणुरास लागूनच ब्रह्मपुरी आहे. इ. स. १६९५ च्या मे महिन्यांत औरंगजेबानें येथें तळ दिला, किल्ला उभारला आणि गांवाचें नांव पालटून इस्लामपुरी ठेविलें. १६९९ च्या आक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षें, दिल्लीची पातशाही जणूं भीमेच्या वाळवंटांत नांदत होती. दूर दक्षिणेंत जिंजीच्या किल्ल्यांत राजाराममहाराजांना वेढा पडला होता, त्याचे हुकूम येथून सुटत. एवढ्या लष्कराच्या हत्तीघोड्यांस दाणावैरण पुरवितां पुरवितां आसपासच्या कुणब्याच्या घरांत काय उरलें असेल, हें सांगावयास बखर नको.

ह्याच छावणींत एक मराठी मुलगा मातेसह कैदेंत होता. संभाजीमहाराजांचे पुत्र शाहू १६८२ सालीं जन्मले, व १६८९ त रायगड पडला तेव्हां येसूबाईंसह मोगलांच्या हातीं लागले. ब्रह्मपुरीस तळ पडला त्या वेळीं ते तेरा वर्षांचे होते. हालला तेव्हां सतरा वर्षांचे. बालमित्रहो, तुम्ही ज्या वयांत शाळेच्या पटांगणावर खेळतां, तें त्यांचें वय शत्रूच्या कनातींमागें गेलें.

आणखी एक गोष्ट लिहितांना लेखणी अडखळते. ज्यांच्या नांवानें मोगल सरदारांची झोंप उडे, ते संताजी घोरपडे १६९७ त मारले गेले व त्यांचें शिर पातशहाकडे धाडण्यांत आलें. तें कापणारा कोणी परका नव्हता. म्हसवडच्या नागोजी माने ह्यांनीं घरच्या वैरापायीं हें कृत्य केलें, असें सांगतात. तेव्हां ह्या स्थळाची अपकीर्ति एकट्या पातशहाच्या माथीं मारून आपणांस मोकळें होतां येत नाहीं.

गांवकरी मात्र निराळीच कथा सांगतात. पातशहानें सिद्धेश्वरास मांसाचा नैवेद्य पाठविला. वस्त्र दूर करतांच ताटांत पांढरीं फुलें निघालीं. मांसाचा नूर पालटला म्हणून गांव माचणूर! ही व्युत्पत्ति आम्हांस पटत नाहीं. पण ज्यांच्या हातीं तरवार नव्हती त्यांनीं पातशहास हरविण्याचा हा मार्ग काढला, हें खचित.

१६९९ त औरंगजेब सातारच्या मोहिमेवर निघाला, तो १७०७ त अहमदनगर येथें मरण पावला. त्याच वर्षीं शाहूमहाराज सुटले. किल्ल्याच्या भिंती पडत चालल्या आहेत. सिद्धेश्वराच्या घाटावर महाशिवरात्रीस अद्याप यात्रा भरते.