टर्बो शेवटी घे

फोनवर सुप्रा घेतल्याचं सांगितलंस आणि त्याच दमात विचारलंस, "मामा, टर्बो कोणता बसवू?" शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझी बावीस वर्षं पाने-सॉकेटांत गेली. गाडीच्या आधी टर्बोचं खोकं घेऊन गॅरेजमध्ये येणारी पोरं खूप पाहिली, आणि तेच खोकं वर्षभरात विकायला काढतानाही पाहिली. तू टर्बो शेवटी घे. बाकीचं ठरलं की कोणता घ्यायचा ते तुझं तुलाच कळेल.

तोवर एक जप. तुझी गाडी जपानच्या बाजारातली आहे. त्या २जेझेड-जीटीई इंजिनाच्या मूळ टर्बोत एक्झॉस्टकडचा पंखा सिरॅमिकचा असतो; निर्यातीच्या गाड्यांना पोलादी होता. बूस्ट एक बारच्या पुढे ढकललास की सिरॅमिकचा भरवसा नाही. स्कायलाइनच्या आरबी२६चंही तसंच. एका आर३२चा टर्बो मी उघडला तेव्हा दांड्याच्या टोकाला नुसता बोडका खुंट होता, पंखा तुकडे होऊन सायलेन्सरच्या पाइपात गेलेला. गाडी चालू होती, फक्त उचलत नव्हती. तेव्हा नवं काम होईपर्यंत बूस्ट कंट्रोलरला हात लावू नकोस.

आता कागद घे. तू ६०० अश्वशक्ती म्हणालास. पेट्रोल इंजिनाला मिनिटाला एक पौंड हवा मिळाली की साधारण दहा अश्वशक्ती निघतात, म्हणजे तुला ६० पौंड हवी. इंजिन तीन लिटरचं, दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून हवा ओढतं. ७००० फेऱ्यांना मिनिटाला १०,५०० लिटर झाले. पोट अगदी शंभर टक्के भरत नाही, तेवढं वजा करून ही हवा बूस्टशिवाय २६ पौंडांच्या आसपास भरते. ६०ला २६ने भाग, २.३ येतात. पण दाबलेली हवा तापते, इंटरकूलरनंतरही थोडी गरम राहते आणि विरळ होते, म्हणून २.५ धर. बाहेरचा एक बार त्यातून काढलास की मीटरवर दीड बार बूस्ट. हे सगळं इंजिनाच्या तोंडचं बोलतोय. डायनोवर चाकाला मोजशील तेव्हा पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी दिसेल. ते बघून हिरमुसू नकोस आणि बूस्टही वाढवू नकोस.

प्रत्येक चांगल्या टर्बोचा कॉम्प्रेसर मॅप मिळतो. आडव्या रेघेवर हवा, उभ्या रेघेवर दाबाचं प्रमाण. ६० पौंड आणि २.५ जिथे भेटतात तिथे टिंब काढ. बहुतेक जण इथेच थांबतात. तू दुसरं टिंब काढ, ४००० फेऱ्यांचं: तेवढाच दाब, हवा ३४ पौंड. कारण तू रस्त्यावर चालवणार, ट्रॅकवर कधीमधी जाणार; चार हजाराला गाडीने ओढायलाच हवं. हे दुसरं टिंब मॅपच्या डाव्या रेघेच्या, सर्ज लाइनच्या, बाहेर पडलं तर तो टर्बो तुझ्यासाठी मोठा आहे. तिथे हवा उलटी धक्के खाते, फडफड ऐकू येते, आणि पोरांना तो आवाज आवडतो. आत दांड्याचं बेअरिंग मार खात असतं.

नावातल्या आकड्यांना भुलू नकोस. गॅरेटच्या जीटी३५८२आर मधले ८२ हे कॉम्प्रेसरच्या पंख्याच्या मोठ्या कडेचं माप, मिलिमीटरमध्ये. बोर्गवॉर्नरच्या एस३६६ मधले ६६ हे हवा आत घेणाऱ्या लहान तोंडाचं. दोन्ही शेजारी ठेवून कुठला मोठा असं ठरवलंस तर फसलास. लहान तोंडाशी लहान तोंड ताड, आणि शेवटचा शब्द मॅपचा.

एक्झॉस्टकडच्या हाउसिंगच्या मापाचा आकडा, म्हणजे ए/आर, लहान घेतलास तर पिकअप लवकर येतो, पण वर इंजिनाचा श्वास कोंडतो. मी तुझ्या जागी असतो तर जीटी३५च्या मापात ०.८२पासून सुरुवात केली असती. जमलं तर ट्विन-स्क्रोल घे. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-५-३-६-२-४ आहे. पुढचे तीन सिलिंडर एका पाइपात आणि मागचे तीन दुसऱ्यात घेतले की धक्के आळीपाळीने पंख्यावर पडतात, एकमेकांत मिसळत नाहीत.

वेस्टगेटवर पैसे वाचवू नकोस. लोकांना वाटतं, बूस्ट कमी ठेवायचा म्हणजे वेस्टगेट लहान चालेल. होतं उलटं. बूस्ट जितका कमी, तितका जास्त गॅस पंख्याला वळसा घालून बाहेर सोडावा लागतो. दार लहान असलं, किंवा त्याचा पाइप मॅनिफोल्डला काटकोनात डकवला असला, की तू एक बार लावतोस आणि वर फेऱ्यांना काटा आपोआप दीडकडे सरकतो.

डोंगरात जाशील तेव्हा आणखी एक लक्षात ठेव. आमच्याकडच्या जेबेल जैसच्या घाटात दीड हजार मीटरवर बाहेरची हवाच सुमारे ०.८५ बार असते. मीटरवर तोच दीड बार आणायला टर्बोला २.५ ऐवजी पावणेतीन पट दाबावं लागतं, म्हणजे जास्त गरगरावं लागतं. मॅपच्या वरच्या कडेला टिंब टेकवणारा टर्बो म्हणूनच घ्यायचा नाही.

पेट्रोलचं थोडक्यात: जपानी गाडीचे इंजेक्टर ४४० सीसीचे, ६०० अश्वशक्तीला प्रत्येकी साडेसातशे तरी लागतात. हजार सीसीचे बसव, पंप त्याला साजेसा घे, आणि पंपावरून ९८ ऑक्टेनच भर. तुझ्याकडे न्यूझीलंडमध्ये इंजिनाच्या अशा बदलाला एलव्हीव्ही सर्टिफिकेट लागतं. मॅनिफोल्ड मागवण्याआधीच सर्टिफायरला भेट.

खरं जपायचं ते ऑइल. एका गाडीचा निळा धूर जाईना म्हणून मी लागोपाठ दोन टर्बो बदलले. चूक माझीच होती. टर्बोतून ऑइल परत आणणारा पाइप मी एका ब्रॅकेटमागून वळवून नेला होता आणि त्याला मध्ये पोट आलं होतं. तिथे ऑइल तुंबायचं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये जायचं. त्या पाइपात दाब नसतो, ऑइल नुसतं आपल्या वजनाने उतरतं. म्हणून तो जाड हवा, सरळ खाली उतरता हवा, आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. बॉल बेअरिंगचा टर्बो घेतलास तर ऑइल आत नेणाऱ्या बाजूला एक मिलिमीटरच्या आसपासचा रिस्ट्रिक्टर घाल आणि पाण्याचे दोन्ही पाइप जोड. गाडी बंद केल्यावर बेअरिंग जळू न देणारं ते पाणीच.

सगळं बसलं की लगेच चावी फिरवायची नाही. टर्बोच्या ऑइलच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओत आणि पंखा बोटाने हळू फिरव. मग फ्यूल पंपाचा आणि इग्निशनचा फ्यूज काढ, परतीचा पाइप खालून सोड, त्याच्याखाली काचेची बरणी धर आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद मार. बरणीत सलग धार पडायला लागली की पाइप जोड, फ्यूज घाल आणि मला फोन कर. पहिला स्टार्ट मला ऐकायचा आहे.