क्रोध दाबणे आणि क्रोध निवणे

क्रोध आवरावा, असे सर्वच सांगतात; तो कोणत्या ठिकाणी आवरावा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मुखापर्यंत आलेला क्रोध गिळणे ही एक क्रिया. त्याचे मूळ असलेला अर्थच तपासून पाहणे ही दुसरी.

नागपूरच्या महाल भागात 17 मार्च 2025 रोजी एक आंदोलन झाले. त्यात पवित्र वचने लिहिलेले वस्त्र जाळले, अशी अफवा पसरली आणि सायंकाळी चिटणीस पार्क परिसरात दगडफेक व जाळपोळ झाली. अनेक पोलीस जखमी झाले. एका जखमी नागरिकाचा पुढे मृत्यू झाला. संचारबंदी पूर्णतः उठली ती 23 मार्चला. संचारबंदीने हात थांबतात, आणि ते आवश्यकच असते. परंतु बंद दाराआडच्या मनावर तिचा अधिकार चालत नाही.

मनुष्य स्वतःवरही अशीच संचारबंदी लादतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना किळसवाणा चित्रपट दाखविला. ज्यांनी किळस केवळ चेहऱ्यावर दिसू दिली नाही, त्यांची किळस उणावली नाही; शरीरातील ताण मात्र वाढला. ज्यांनी पाहण्याची दृष्टीच आधी बदलली, त्यांना ती कमी वाटली. ग्रॉस व ऑलिव्हर जॉन यांच्या 2003 मधील अभ्यासात, दृष्टी पालटण्याची सवय असणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक आणि दाबण्याची सवय असणाऱ्यांचे कमी, असा संबंध आढळला. (संबंध म्हणजे कारण नव्हे, हेही ध्यानी असावे.)

लीळाचरित्रातील सशाची लीळा या दृष्टीने पुन्हा वाचावी. पारध्यांच्या भयाने ससा सर्वज्ञांच्या जानूखाली येऊन लपला. पारधी तो मागू लागले. सर्वज्ञांनी त्यांना धाक घातला नाही. जो शरण आला त्याला मारण्यास कसे द्यावे, रानात तृण खाऊन राहणाऱ्या जीवाला का मारावे, एवढेच त्यांच्यापुढे ठेवले. ससा तोच होता. पारध्यांच्या लेखी तो भक्ष्याचा शरणागत झाला, आणि हिंसेची वासना तेथेच गळाली.

वार्ता कानी पडणे आणि तिला अर्थ देणे यांत असाच अल्प अवकाश असतो. हे कोणी पाहिले, केव्हा पाहिले, सांगणारा तेथे होता काय, एवढे विचारण्यास तो पुरेसा आहे. वासनिकाला हा अभ्यास घरातील क्षुल्लक कलहात रोज करता येतो. दंगलीच्या सायंकाळी तो नव्याने शिकता येत नाही.

येथे एक शंका संभवते: दृष्टी पालटणे म्हणजे अन्यायाला न्याय म्हणणे काय? तसे नव्हे. सर्वज्ञांनी पारध्यांवर कोप केला नाही, पण ससाही त्यांच्या हाती दिला नाही.