फसलेली पकड आणि बचावाचे मोजमाप

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आमच्या कबड्डी संघाची वही माझ्याकडे होती. प्रत्येक गड्यापुढे मी दोनच रकाने आखले होते : साधलेल्या पकडी आणि फसलेल्या पकडी. फसलेल्या पकडी सर्वांत जास्त आमच्या उजव्या कोपरारक्षकाच्या. शेवटच्या सामन्यात त्याला वगळले ते या वहीवरूनच. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिला. कागदावर आले ते खरे, असे मानण्याची आम्हांला सवय. पण ते पुरेसे असते का? त्याचाच येथे विचार करू.

पकड फसली की ज्यांना स्पर्श झाला ते सारे बाद होतात. कोपऱ्याने एकट्याने घोट्याला हात घातला तर एक गुण जातो; साखळीतले तिघे तुटून पडले आणि चढाई करणारा निसटला तर तीन जातात. माझ्या वहीत मात्र आधी झेपावला त्याच्यापुढे एकच रेघ.

दुसरा मुद्दा प्रसंगाचा. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड साधली तर दोन गुण मिळतात. तिला अव्वल पकड म्हणतात. तेथे तीन प्रयत्नांपैकी दोन फसले, प्रत्येकी एकच गडी गेला, तरी गुणांचा हिशेब बरोबरीत सुटतो. सातही गडी असताना हेच प्रमाण तोट्याचे. उलट लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण न मिळवणारा स्वतःच बाद होतो. तेव्हा बोनस रेषा राखून तीस सेकंद काढणे शहाणपणाचे. उतावळी झेप महागात पडते.

तिसरा मुद्दा सर्वांत साधा. जो झेपावतच नाही, त्याची पकड फसतही नाही! म्हणून एकूण प्रयत्नांशी प्रमाण काढावे. २०१४ पासून सुरू झालेल्या प्रो कबड्डीत यशस्वी पकडींची टक्केवारी देतात ती यासाठीच. तरीही कोपऱ्याच्या धाकाने रिकाम्या परतलेल्या चढाईचे श्रेय तीतही दिसत नाही.

तात्पर्य, फसलेल्या पकडींचा आकडा टाकाऊ नाही, पण एकटा तो न्याय देऊ शकत नाही. यंदा वहीत तीन रकाने वाढवले आहेत : मैदानातील गडी, कितवी चढाई, गेलेले गुण. गेल्या वर्षीची वही मी पुन्हा उघडून पाहिली. त्या कोपरारक्षकाच्या किती पकडी तिघांच्या संघात फसल्या, हे तीत सापडत नाही. मी ते लिहिलेच नव्हते.