लढाईच्या दिवसांतले माहितीपट

जानेफळच्या पारावर बसून आज आपण मोबाइलवर दूरदेशीची लढाई पाहतो. दिसले ते सगळे खरे, असे वाटते. पण ते चित्र कोणी काढले, कशासाठी काढले, हे आपण विचारतो का? यासाठी एका माणसाची हकीगत वाचू या.

त्यांचे नाव एझरा मीर. जन्म १९०३ साली, कलकत्त्याला. तरुणपणी ते अमेरिकेला गेले. तिथे चित्रपटाचे काम शिकले. परत आल्यावर १९३१ साली त्यांनी 'नूरजहान' हा बोलपट काढला.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. इंग्रज सरकारला सैनिक हवे होते. लोकांची साथ हवी होती. पण बहुतेकांना वाचता कुठे येत होते? म्हणून १९४० साली सरकारने माहितीपट काढणारे एक मंडळ नेमले. माहितीपट म्हणजे खरी माणसे आणि खरी कामे दाखवणारा चित्रपट. कोल्हापूरचे व्ही. शांताराम यांनीही काही काळ तिथले काम पाहिले. १९४३ साली मंडळाच्या जागी सरकारी चित्रपट खाते आले. एझरा मीर त्याचे प्रमुख झाले. त्याच साली हुकूम निघाला. चित्रपटगृहांनी खेळाबरोबर सरकारी फीत दाखवलीच पाहिजे!

आता बघा. १९४२ पासून गांधीजी कैदेत होते. १९४३ साली बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली. सरकारच्या फितींत मात्र सरकारचीच बाजू असे. फितीतले शिपाई खरे, कारखाने खरे. पण ते अर्धेच खरे. लोकांच्या मनात या फितींचा राग बसला.

१९४६ साली ते खाते बंद पडले. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्टला, देश स्वतंत्र झाला. पण तो सोहळा टिपायला सरकारजवळ स्वतःचे चित्रपट खातेच नव्हते! खासगी लोकांनी तो टिपला, म्हणून आज तो आपल्याला बघायला मिळतो.

१९४८ साली स्वतंत्र भारताने मुंबईत 'फिल्म्स डिव्हिजन' काढले. १९५६ साली एझरा मीर तिथे मुख्य निर्माते झाले. हुन्नर तोच होता. आता तो शेती, धरणे, आरोग्य यांची माहिती देऊ लागला.

विळा तोच असतो, धरणारा हात पाहावा. अक्षर वाचायला आपण शिकलो. आता चित्रही वाचायला शिकू.

उत्तरे लिहा :
१. माहितीपट म्हणजे काय?
२. १९४३ साली कोणता हुकूम निघाला?
३. तुम्ही नुकतीच पाहिलेली एखादी फीत आठवा. ती कोणी काढली? त्यात काय दाखवले नव्हते?